पावलांच्या सर्जनला विचारा : ‘एवढ्याशा घोट्यासाठी वेगळा डॉक्टर कशाला?’

मागच्या अंकात टाचदुखीवर लिहिलं, तर पत्रं आली ती भलतीच. टाच राहिली बाजूला. हा पावलाचा आणि घोट्याचा डॉक्टर घडतो कसा, हेच बऱ्याच जणांना जाणून घ्यायचंय. या वेळी तीच पत्रं घेतली आहेत. मी कोल्हापुरात प्रॅक्टिस करते, त्यामुळे उत्तरांना इथला वास येणारच.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. माझ्या धाकट्या भावाचे पाय जन्मतः आत वळलेले होते. प्लास्टर घालून ते सरळ झाले आणि आता तो कबड्डी खेळतो. तेव्हापासून मला हेच काम करायचं आहे. किती वर्षं लागतात? आत्तापासून काय तयारी करू? (विद्यार्थिनी, बार्शी)

आधी वर्षांचा हिशेब करू. नीट देऊन एमबीबीएसला लागलीस की साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेज मिळालं तर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष आलं. मग नीट-पीजी. त्यात ऑर्थोची, म्हणजे हाडांच्या शाखेची, जागा मिळण्याइतका रँक आला तर एमएसची किंवा डीएनबीची (दोन्ही पदव्युत्तर पदव्याच) तीन वर्षं. रँक थोडक्यात हुकला तर दोन वर्षांचा डिप्लोमा करून पुढे दोन वर्षांत डीएनबी करता येतं. शेवटी पाऊल-घोट्याची फेलोशिप, म्हणजे तेवढ्याच भागाचं खास प्रशिक्षण, सहा महिने ते वर्षभर. मध्ये एखादं वर्ष परीक्षेच्या तयारीत जातंच. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी तू तिशी गाठणार. तुझी इंजिनिअर मैत्रीण तोवर फ्लॅटचे निम्मे हप्ते फेडून बसलेली असेल. हे आत्ताच ऐकून ठेव, म्हणजे तेव्हा पोटात दुखणार नाही.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षीच ‘मी घोट्याचीच डॉक्टर होणार’ असं जाहीर करू नकोस. आधी सगळं शरीर, मग सगळी हाडं, मग पाऊल, असाच क्रम आहे आणि तो बरोबर आहे. मधुमेह, रक्ताभिसरण, नसा हे ज्याला नीट कळलं नाही, त्यानं पावलावर सुरी चालवू नये.

तुझ्या भावावर बहुधा पोन्सेटी पद्धतीनं उपचार झाले असणार. इग्नासिओ पोन्सेटी हे मूळचे स्पेनमधल्या मेनोर्का बेटावरचे. तिथल्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले, पुढे ते अमेरिकेत आयोवाला गेले. मोठी ऑपरेशनं करून सरळ केलेले पाय मोठेपणी ताठ आणि दुखरे होतात, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी हातानं हळूहळू वळवून दर आठवड्याला नवं प्लास्टर घालायची पद्धत बसवली. पाच-सहा प्लास्टरं झाली की टाचेमागची धोंडशीर (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) बारीक छेदानं सोडवायची, तीन आठवडे शेवटचं प्लास्टर, आणि मग दांडीला जोडलेले बूट : पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर चार वर्षांपर्यंत रात्री झोपताना. यावरचा त्यांचा लेख 1963 साली छापून आला. पुढची तीसेक वर्षं बहुतेक सर्जन आपले कापतच राहिले. 1990च्या दशकात ही पद्धत पसरली ती मुख्यतः मुलांच्या आईवडिलांनी एकमेकांना सांगितल्यामुळे. सर्जन व्हायला निघालेल्या मुलीनं ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आत्ता काय करायचं? बारावी. फिजिक्सचा कंटाळा करू नकोस. तरफ आणि बल हे प्रकार पावलात आयुष्यभर भेटतात. चित्रकला येत असेल तर सोडू नकोस. आणि घरातल्या सगळ्यांच्या जुन्या चपला उलट्या करून बघ. कोणाची टाच बाहेरून झिजली, कोणाची आतून, कोणाच्या अंगठ्याखाली खड्डा पडलाय. मी आजही पेशंटचा एक्स-रे बघायच्या आधी त्याची चप्पल बघते.

प्रश्न : मी एमएस ऑर्थोच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बॅचमधले सगळे गुडघा-खुब्याचं रिप्लेसमेंट नाहीतर स्पाइन म्हणतात. मला पाऊल-घोटा आवडतो, पण जिल्ह्याच्या गावात त्यावर पोट भरेल का? फेलोशिप इथे करावी की परदेशात? (निवासी डॉक्टर, सोलापूर)

नुसत्या पावलावर पोट भरणार नाही. निदान पहिली काही वर्षं तरी नाही. पाटी लावल्यावर रात्री दोन वाजता जो पेशंट येईल तो खुबा मोडलेली आजी असेल किंवा मोटारसायकलवरून पडलेला पोरगा. त्यांना ‘मी फक्त घोटा बघतो’ असं सांगणार आहेस का? मीसुद्धा मनगटं, खुबे, मांड्या सगळं केलं आणि अजून करते. पावलाचं नाव हळूहळू होतं. दुसऱ्या हॉस्पिटलचा हाडांचा डॉक्टर एक अवघड टाच पाठवतो, ती चालायला लागली की तो दुसरी पाठवतो. जाहिरातीनं हे होत नाही. आणि पाठवणाऱ्याला ‘कट’ द्यायची सवय लावलीस तर पेशंट पैशासाठी येतील, कामासाठी येणार नाहीत.

काम मात्र भरपूर आहे. कोकणातून माडावरून पडलेले येतात, इथले विहिरीच्या कामावरचे, परांचीवरून घसरलेले गवंडी. उंचावरून सरळ पायावर पडलं की टाचेच्या हाडाचा चुरा होतो. अशा पेशंटला पाठीच्या मणक्याबद्दल विचारायला विसरू नकोस, कारण तोच धक्का वर जाऊन मणकाही मोडतो. हे पेशंट बहुतेक हातावर पोट असलेले. त्यांना सपाट जमिनीवर चालता आलं तरी पुरत नाही. शेताच्या ढेकळांत आणि शिडीवर उभं राहता आलं पाहिजे. टाच नीट बसली नाही तर माणूस मरत नाही, पण त्याचा धंदा जातो.

रेसिडेन्सीत काय शिकायचं ते सांगते, कारण फेलोशिपपेक्षा तेच जास्त उपयोगी पडतं. प्लास्टर रूममध्ये बस. तिथला म्हातारा टेक्निशियन जे हातानं करतो ते कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. सूज वाचायला शीक. टाचेभोवतीची कातडी पातळ, खाली मांस नाही. सूज असताना घाईनं कापलंस तर टाके उसवतात आणि आतली प्लेट दिसायला लागते. पाय उंच ठेवून आठवडा, कधी दोन आठवडे थांबायचं. कातडीवर सुरकुत्या दिसल्या की मगच ओटीची (ऑपरेशन थिएटरची) वेळ घ्यायची. नातेवाईक रोज विचारतील, ‘डॉक्टर, ऑपरेशन कधी?’ त्यांना उत्तर देत थांबता येणं हेसुद्धा प्रशिक्षणच आहे. घोट्याच्या आतलं टॅलस नावाचं हाड मन लावून अभ्यास. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही, रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे ते मोडलं की हाडच मरायची भीती असते. ते कसं मोडलंय याचं हॉकिन्सचं 1970 सालचं वर्गीकरण नुसतं तोंडी परीक्षेपुरतं पाठ करू नकोस; पेशंटला पुढच्या दोन वर्षांत काय होऊ शकतं, हे तू त्यावरूनच सांगणार आहेस.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत. मेडिकल कॉलेजात सडलेला पाय धुवायचं आणि बोटं कापायचं काम सगळ्यात ज्युनिअर रेसिडेंटच्या गळ्यात पडतं, त्यामुळे त्याच्याकडे शिक्षा म्हणून बघायची रीत आहे. ती सोड. लाल, गरम, सुजलेलं पण फारसं न दुखणारं पाऊल दिसलं की सरसकट इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू होतं. तो शार्कोचा पाय असू शकतो. नसा बधिर झालेल्या पायात हाडं आतल्या आत विरघळत असतात आणि पेशंट त्याच पायानं दुकानात जात असतो. त्याला हवं असतं सगळीकडे नीट टेकणारं प्लास्टर आणि महिनोन् महिने वजन न टाकणं. हे वेळेत ओळखलंस तर पाय वाचतो.

आणि ही विद्या आपल्याकडे बाहेरून आली असं समजू नकोस. बधिर पावलाचं शास्त्र मोठ्या प्रमाणात भारतातल्या कुष्ठरोग्यांच्या पायांवर उभं राहिलं. सर्जन पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं की बोटं रोगानं झडत नाहीत. दुखत नाही म्हणून झालेल्या जखमांनी झडतात. लोंबत्या पावलासाठी मागचा स्नायू पुढे आणून बसवायचं ऑपरेशन, आतल्या दाबाचा विचार करून बनवलेली मऊ रबराची चप्पल, हे सगळं तेव्हा कुष्ठरोग्यांसाठी रुळलं आणि आज मधुमेहाच्या ओपीडीत तेच वापरतो. आपल्याकडे वरोऱ्याचं आनंदवन, अमरावतीचं तपोवन आहे. सुट्टी मिळाली तर कॉन्फरन्सला जाण्याऐवजी एकदा अशा ठिकाणी जाऊन पाय बघ.

फेलोशिपचं म्हणशील तर पहिला प्रश्न देशाचा नाही. ‘ऑपरेशन मी करणार की मागे उभा राहून बघणार?’ हा आहे. अमेरिकेत त्यांच्या परीक्षा दिल्याशिवाय गेलास तर बघ्याची भूमिका. पेशंटला हात लावता येत नाही. इंग्लंडमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी मिळवलीस तर पगारी काम मिळतं, ओटीत हातही चालतो. मी तिथे केली. खरं तर तिथून मी शिकून आले ते ओपीडी. एका पेशंटला तिथे जेवढा वेळ देतात तेवढ्यात आपण इथे पाच संपवतो. अंगठ्याशेजारचं हाड वाढलेल्या बायका तिथे रांगेनं. इथे त्या तक्रारीसाठी फार कमी जणी येतात, आणि दुखत नसेल तर मी त्यांना परतच पाठवते. उलट कोवळ्या वयात न सुधारलेला वाकडा पाय किंवा सहा महिने हाडवैद्याकडे काढून आलेला घोटा तिथे क्वचित दिसतो. म्हणून आधी पुण्या-मुंबईत किंवा दक्षिणेत एखाद्या चांगल्या युनिटला सहा महिने काढ. इंडियन फूट अँड अँकल सोसायटीचे कोर्स कर. पैसे आणि घरची परवानगी असेल तर मग बाहेर जा.

एक राहिलंच. गावात परत आलास की चांगला चप्पल बनवणारा शोध. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेशंटना सुरीपेक्षा त्याच्या हाताची गरज असते. आमच्या इथल्या एका कारागिराला मी पावलाचे ठसे काढून देते, तो मऊ तळ घालून, मागून पट्टा लावून चप्पल शिवून देतो. बधिर पावलाला नेहमीची कोल्हापुरी घालू नका, असं कोल्हापुरात राहून सांगावं लागतं. कडक तळ आणि अंगठ्याला घासणारी पट्टी त्या पायाला चालत नाही. कारागिराला आधी राग आला होता. आता तोच गिऱ्हाइकाला विचारतो, ‘साखर आहे का?’

प्रश्न : मुलगी एमबीबीएस झाली, ऑर्थो घ्यायचं म्हणते. हातोडी-करवतीचं काम मुलींना झेपतं का? (एक वडील, लातूर)

झेपतं. ड्रिल बॅटरीवर चालतं, खुबा ओढायला टेबल असतं, आणि उरलेलं तंत्र आहे. खरा प्रश्न शिशाच्या एप्रनचा : तो तासन् तास अंगावर बाळगायचा, गरोदरपणात सी-आर्मच्या (ओटीतल्या एक्स-रे यंत्राच्या) किरणांची जास्त काळजी घ्यायची. त्यासाठी युनिटमधली माणसं समजूतदार लागतात. तुम्ही तिच्या ताकदीची काळजी सोडा आणि तिच्या जेवणाच्या डब्याची करा. पहिल्या वर्षी तो खायलाही वेळ मिळत नाही.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ‘पोडियाट्रिस्ट’ आहे, ऑपरेशनही करतो. म्हणजे तो तुमच्यासारखाच ना? (वाचक, ठाणे)

काम बरंचसं सारखं, वाट वेगळी. तिथे पदवीनंतर पोडियाट्रीच्या कॉलेजात चार वर्षं आणि मग तीन वर्षं रेसिडेन्सी. तो सुरुवातीपासून पायाचाच डॉक्टर. तिथल्या ऑर्थोपेडिक सर्जनला चार वर्षं मेडिकल, पाच वर्षं रेसिडेन्सी आणि वर लागते एक वर्षाची फेलोशिप. दोघांमध्ये हद्दीवरून कुरबुरी चालतात, म्हणून भाच्याला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारू नका. भारतात हाडांच्या ऑपरेशनची वाट एमबीबीएसमधूनच जाते.

प्रश्न : पाय घसरून घोटा मोडला, प्लेट घालायची आहे. नेहमीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे करू की मुद्दाम तुमच्यासारख्यांकडे येऊ? (वाचक, सातारा)

साधा घोटा असेल तर तिथेच करा. कोणताही चांगला ऑर्थो सर्जन ते रोज करतो. त्यासाठी कोल्हापूरचा प्रवास नको. टाचेचं हाड सांध्यात मोडलं असेल, टॅलस मोडलं असेल, पावलाच्या मध्यभागचे सांधे सरकले असतील किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल तर मात्र तुमच्याच डॉक्टरांना विचारा, ‘कोणाला दाखवू का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही. आणि मधुमेह असेल तर घोटा साधा दिसला तरी ते आधी सांगा : अशा पायाला जास्त स्क्रू लागतात, आणि वजन टाकायला इतरांपेक्षा खूप उशिरा परवानगी मिळते.