वाचक विचारतात : एका दिवसात पंढरपूर

प्रश्न : सोलापूरहून रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परतायचं आहे. सोबत सत्तरीचे आई-वडील. पंढरपुरात काय जमेल?

उत्तर : आधी पंचांग बघा, त्या दिवशी एकादशी असेल तर बेत पुढे ढकला. मोहोळमार्गे अंतर सुमारे ७५ किलोमीटर, सहाला निघा. पदस्पर्शाच्या, म्हणजे विठोबाच्या पायांवर डोकं टेकण्याच्या, रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं, म्हणून आई-वडिलांना मुखदर्शनच बरं. लांबून का होईना, विठोबा डोळे भरून दिसतो. अकराच्या सुमारास महानैवेद्यासाठी दर्शन थोडा वेळ थांबतं, त्याआधी उरका. नामदेव पायरीला हात लावून महाद्वार घाटाने चंद्रभागेवर उतरा. ओल्या पायऱ्या निसरड्या असतात, वडिलांचा हात धरा. नदीपात्राच्या वाळूतलं पुंडलिकाचं मंदिर चुकवू नका. मात्र पावसाळ्यात उजनी धरणातून पाणी सोडलं की तेच पाण्यात जातं, तेव्हा होडीचा हट्ट अजिबात नको. विष्णुपद, गोपाळपूर ही जवळची देवस्थानं दुपारनंतर रिक्षाने.