इसार नेमका कितीचा?

जालन्याच्या एका वाचकांनी मुंबईकडच्या एका मालकाची जुनी लाकडी शिडाची नौका घ्यायचे ठरवले. 'संपूर्ण नव्याने बांधून काढलेली' अशी जाहिरात होती, किंमत 18 लाख. पहिल्या दिवशी 51 हजार देऊन इसारपावती केली, तीन आठवड्यांनी आणखी 4 लाख आरटीजीएस केले. मग दुरुस्तीवर असलेल्या सुतारानेच सांगितले की पाण्याखालच्या फळ्या बदललेल्या नाहीत, कुजक्या लाकडावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला आहे. यांनी बाकीचे पैसे थांबवले. मालक म्हणतो, मुदत गेली, साडेचार लाख जप्त. आता तीच नौका त्याने 21 लाखांना पुन्हा विक्रीला काढली आहे. पैसे परत मिळतील का, असे विचारतात.

नौकेच्या जागी प्लॉट घाला, ट्रॅक्टर घाला, हार्वेस्टर घाला. अशी पत्रे येतच असतात, आणि प्रत्येकात नको ते सगळे असते.

तुम्ही नौकेचे नऊ फोटो पाठवलेत. डोलकाठीला टेकून उभे असलेले तुम्हीही त्यात आहात. इसारपावतीचा मात्र वरचा अर्धाच भाग दिसतो. अहो, तुमचे साडेचार लाख त्या खालच्या अर्ध्यात आहेत!

आपल्याकडे व्यवहारात आधी दिलेल्या प्रत्येक पैशाला 'इसार' म्हणायची सवय आहे. कायदा तसे मानत नाही. व्यवहार पाळीन याची हमी म्हणून दिलेला तो इसार. किमतीपैकी आगाऊ दिलेली रक्कम वेगळी. फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या 1963 च्या निकालात खरेदीदाराने 25 हजार दिले होते, त्यातले 1 हजार इसार आणि 24 हजार किमतीपैकी. खरेदीदार चुकला होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने विकणाऱ्याला जप्तीपोटी ठेवू दिले ते 1 हजारच. सतीश बत्रा प्रकरणातही 2012 मध्ये हाच फरक अधोरेखित झाला: खरा इसार असेल आणि करारात तशी अट असेल तर तो बुडतो, आगाऊ रक्कम बुडत नाही.

म्हणून पावतीत '51,000 इसार, बाकी रक्कम किमतीपैकी' असे काही असेल, तर सगळे तुमच्या विरोधात गेले तरी 51 हजारांवर भागेल. '4,51,000 इसारापोटी, पैकी आज 51,000' असे असेल, तर मामला जड आहे. त्यात तुम्ही आरटीजीएसच्या शेऱ्यात स्वतःच्या हाताने 'इसार बाकी' लिहिलेत. का लिहिलेत, देव जाणे. पावतीचे वजन शेऱ्यापेक्षा जास्त असते, पण समोरचा वकील सुरुवात त्या दोन शब्दांपासूनच करील.

21 लाखांची नवी जाहिरात मात्र तुमच्या कामाची आहे. करार कायद्याचे कलम 74 वाजवी भरपाई देते, बक्षीस देत नाही. कैलाश नाथ विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण), 2015: बोली 3.12 कोटींची, नंतर तोच भूखंड 11.78 कोटींना गेला, आणि 78 लाखांचा इसार परत करावा लागला. तिथे खरेदीदाराची चूक नव्हती, तुमच्याबद्दल तसे छातीठोक सांगता येणार नाही. तरी नौका खरोखर चढ्या भावाने विकली गेली, तर 'माझे नुकसान झाले' हे मालकाला सांगणे अवघड जाईल. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच घ्या, तो ज्या फोनवर घेतला तो फोन जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागेल.

कुजक्या फळ्यांवर तुमचा फार भरवसा दिसतो. माझा नाही. दिशाभूल झाली म्हणून करार रद्द करता येतो हे खरे, पण करार कायद्याच्या कलम 19 चा अपवाद वाचा: साधी काळजी घेऊन सत्य कळण्यासारखे होते तर ती वाट बंद. जुनी लाकडी नौका पाण्याबाहेर काढून, सर्व्हेअरकडून फळ्या ठोकून आणि खिळे तपासून बघितल्याशिवाय कोणी घेत नाही. तुम्ही एकदा गेलात आणि फोटो काढून आलात. मालकाने जाणूनबुजून खोटे सांगितले हे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी सुताराला साक्षीला उभे राहावे लागेल. तो राहील का? ग्राहक आयोगाचेही तसेच. विकणारा व्यापारी नसून हौशी मालक असेल, शिवाय तुम्ही नौका भाड्याने फिरवणार होतात, तर तिथे तक्रार टिकेलच असे नाही.

खरी घाई तारखेची आहे. दुसरी रक्कम देऊन दोन वर्षे चार महिने झाले. दावा लावायची मुदत तीन वर्षांची. ती नेमकी कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वाद घालता येईल, पण तो वाद कोर्टात करायची वेळ येऊ देऊ नका, पैसे दिल्याच्या तारखेपासूनच मोजा. 'आमचे बोलणे चालू आहे' असे तुम्ही तीनदा लिहिले आहे. बोलण्याने मुदत थांबत नाही. मुदत संपण्याआधी सहीनिशी लेखी कबुली मिळाली तरच ती नव्याने मोजतात. जालन्यात दावा चालेल का, हेही पावतीतल्या कार्यक्षेत्राच्या ओळीवर ठरेल. दाव्याला किती वर्षे लागतील ते विचारू नका, माझेही वय झाले आहे.

नाथसागरात नौका उतरवायला परवानगी लागेल का, असेही शेवटी विचारले आहे. ते जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, आधी वन विभाग. पण तुमच्याकडे नौकाच नाही.

येत्या आठवड्यात मालकाला वकिलामार्फत नोटीस जाऊ द्या: 4 लाख किमतीपैकी होते, ते परत करा, एवढेच. फळ्यांवर दोन पाने लिहू नका. आणि त्याआधी पावतीच्या खालच्या अर्ध्याचा फोटो पाठवा, मागची बाजू कोरी नसेल तर तिचाही.