कपाट उघडलं की साड्या अंगावर येतात? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

कमी सामानात राहायचं असेल तर सुरुवात स्वतःच्या कपड्यांपासून करा असं मी नेहमी सांगते, कारण स्वयंपाकघर सगळ्यांचं असतं, माळा सासूबाईंचा असतो, पण आपले कपडे फक्त आपले, कुणाला विचारायला नको. त्यावर आलेले हे काही प्रश्न.

ठाण्यात वन बीएचके, माणसं चार, लोखंडी कपाट एकच. दर दिवाळीला आवरते, पंधरा दिवसांत परत तेच. सुरुवात कुठून करू?

ताई, तुम्ही आवरता म्हणजे घड्या घालून परत आतच ठेवता ना? मीही कित्येक वर्षं तेच करत होते. कपडे तेवढेच, कप्पे तेवढेच, मग एक ड्रेस ओढला की सगळी थप्पी पडणारच. आणि ते सगळं कपाट एकदम बेडवर ओतायचं वगैरे चार माणसांच्या घरात करूच नका, रात्री झोपायला बेड लागतो, दहा वाजले की सगळं कोंबून दार दाबून लावलं जातं, स्वानुभव आहे.

एकच कप्पा घ्या, तोही तुमचा. कपडे एकावर एक न रचता वह्यांसारखे उभे लावा आणि धुऊन आलेला कपडा दरवेळी उजव्या टोकाला ठेवा. दोन-तीन महिन्यांत जे वापरत नाही ते आपोआप डावीकडे साचतं, वेगळा विचार करायला लागत नाही. स्वेटर आणि लग्नाकार्याचे कपडे मात्र यात धरू नका हां.

हळदीकुंकवाचे, ओटीचे ब्लाउजपीस साठलेत. टाकवत नाहीत.

माझ्याकडे एकदा मोजले तर ३४ निघाले! त्यातला एक तर मीच कुणाला तरी दिलेला, फिरून परत माझ्याच ओटीत आलेला, कोपऱ्यात माझ्याच अक्षरात बॉलपेनने "८० सेंमी" लिहिलेलं. म्हणजे हे कापड कुणी शिवतच नाही, नुसतं घरोघरी फिरतं. ज्याला मॅचिंग साडी आत्ता घरात आहे तेवढे या आठवड्यात टेलरकडे टाका. बाकीच्यातले सुती असतील त्यांच्या भाजीच्या पिशव्या शिवा, ओटीचं कापड टाकलं असं कुणाला वाटणार नाही आणि प्लॅस्टिकही वाचेल. आणि येत्या संक्रांतीला तुम्ही स्वतः वाण म्हणून गूळ, शेंगदाणे असं संपणारं काहीतरी द्या, कुठेतरी हे थांबायला हवं ना.

आईच्या दोन पैठण्या आणि चार सिल्कच्या साड्या आहेत. मी वर्षात एकदाही नेसत नाही. ठेवू की देऊ?

ठेवा की! कमी सामान म्हणजे आईची पैठणी देऊन टाकणं असं कुणी सांगितलं? पण ठेवायची तर नीट ठेवा. माझी लग्नातली साडी मी दहा वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपली आणि भाचीच्या मुंजीला काढली तर घडीच्या रेषेवर सरळ फाटत गेली, हातात धरल्या धरल्या, आवाजसुद्धा झाला नाही. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की रेशीम आणि जर तिथेच चिरते, आणि प्लॅस्टिकमध्ये आपल्याकडच्या पावसाळ्यातली ओल कोंडून राहते. त्यामुळे जुन्या सुती साडीत किंवा धुतलेल्या धोतरात गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला, पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये सावलीत वारं लागू द्या, उन्हात नको, रंग उडतो. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवले तरी चालतं.

आणि सहापैकी ज्या दोन बघून आई आठवते त्या ठेवा, बाकीच्या बहिणीला, वहिनीला आत्ताच विचारा. त्या नेसतील तरी.

बारीक झाल्यावर घालेन म्हणून पाच वर्षं चार जीन्स ठेवल्यात.

एक ठेवा. बारीक झालात तर नवीन घ्यायला मजा येईल.

काढलेले कपडे द्यायचे कुठे? पिशव्या भरून दाराशी पडल्यात आणि मुलं त्यातलंच परत काढून घालतात.

हाच तर खरा घोळ आहे, कुठे जाणार ते न ठरवता काढलं की घरातच फिरत राहतं. आधी ठिकाण ठरवा, मग कप्पा उघडा. चांगले, धुतलेले, बटणं असलेले कपडे गूंजसारख्या संस्थेला देता येतात (दिल्लीत १९९९ मध्ये सुरू झाली, आता बऱ्याच शहरांत कपडे गोळा करतात), पण फाटकं, डाग पडलेलं देऊ नका प्लीज, घेणाऱ्यालाही मान असतो. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या, अजून शिवणाऱ्या बायका आहेत, चौकशी केली की सापडतात. विटलेले सुती टी-शर्ट लादी पुसायला, सिंथेटिकचं मात्र फडकं करू नका, पाणीच शोषत नाही.

आणि बोहारीण येत असेल तर उत्तमच, पण बदल्यात काय घ्यायचं ते आधी ठरवा. माझ्या आईने जुन्या साड्या देऊन घासाघीस करून घेतलेली स्टीलची पातेली अजून माळ्यावर आहेत, एकात एक बसवलेली, लेबलसुद्धा निघालेलं नाही.