क्रीडा व मनोरंजन केंद्राच्या वास्तुरचनेचे विश्लेषण कोठून सुरू करावे?

तुमच्या हाती एका क्रीडा व मनोरंजन केंद्राचे प्लॅन आणि छायाचित्रे आहेत, पण वर्णनापलीकडे जाऊन विश्लेषण म्हणून नेमके काय लिहावे हे उमगत नाही, असे तुम्ही विचारले आहे. मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे. माझा सल्ला असा की छप्पर आणि दर्शनी भाग यांचा विचार सर्वांत शेवटी करावा आणि सुरुवात सेक्शनपासून (इमारत उभी कापल्यास आतले मजले आणि उंची कशी दिसेल ते दाखवणाऱ्या रेखाचित्रापासून) करावी, कारण अशा इमारतीतील सर्वांत मोठ्या जागा वास्तुविशारदाने ठरवलेल्याच नसतात.

बास्केटबॉलचे मैदान 28 मीटर बाय 15 मीटर, बॅडमिंटनचे कोर्ट 13.40 बाय 6.10 मीटर आणि ऑलिंपिक तलाव 50 बाय 25 मीटर असतो. बॅडमिंटनच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी कोर्टावर 12 मीटर मोकळी उंची लागते. ही मापे बदलता येत नाहीत आणि मध्ये खांबही चालत नाही. मोठी दालने अशी नियमपुस्तिकेनेच आखून दिलेली असल्यामुळे रचनाकाराची बुद्धी दिसते ती कशावर काय ठेवले, दालने एकमेकांना कशी जोडली आणि त्यांच्यामधल्या जागेचे काय केले, यात. प्लॅनमध्ये यातले निम्मेही कळत नाही.

सेक्शन काढताच पहिला प्रश्न वजनाचा येतो. ऑलिंपिक तलावाची खोली 2 मीटर धरली तरी नुसत्या पाण्याचे वजन 2,500 टन भरते, म्हणून तलाव शक्यतो जमिनीलगत असतो. पण खांबविरहित दालनावर दुसरा मजला चढवायचा तर तेवढ्याच लांबीच्या भक्कम तुळया लागतात. त्यामुळे जमीन मुबलक असेल तेथे दालने शेजारीशेजारी पसरतात. जमीन नसेल तेव्हा काय होते, हे पाहायचे असेल तर ब्राझीलच्या साओ पाउलो शहरातील, वास्तुविशारद लीना बो बार्दी यांचे ‘सेस्क पोंपेया’ जरूर अभ्यासा. पिंपांच्या जुन्या कारखान्याचे रूपांतर करून उभारलेल्या या केंद्राच्या जागेखालून एक बंदिस्त ओढा वाहतो आणि त्यावर बांधकाम करता येत नव्हते. म्हणून 1986 मध्ये पूर्ण झालेल्या क्रीडा विभागात खाली तलाव आणि वर एकावर एक कोर्टे, असा एक काँक्रीटचा मनोरा उभा राहिला. जिने, लिफ्ट आणि कपडे बदलण्याच्या खोल्या शेजारच्या बारीक मनोऱ्यात गेल्या आणि दोन्ही मनोरे पूर्वताणित (आतल्या पोलादी तारा ताणून मजबूत केलेल्या) काँक्रीटच्या उघड्या पुलांनी जोडले गेले. कपडे बदलून निघालेला खेळाडू पुलावरून चालत, खालच्या लोकांच्या नजरेसमोरून कोर्टावर जातो. अन्यत्र जो अंधारा बोळ असतो, तोच येथे इमारतीचा चेहरा झाला आहे, आणि माझ्या मते या प्रकारच्या वास्तूंमध्ये इतका अर्थपूर्ण जोडमार्ग क्वचितच सापडेल. ओढ्यावरची रिकामी राहिलेली पट्टीही वाया गेली नाही. तेथे लाकडी फळ्यांचा लांब चौथरा घातला असून लोक त्यावर ऊन खात पडतात. केंद्राच्या नावातील ‘मनोरंजन’ हा शब्द तपासताना हाच निकष लावा: खेळायचे नसलेल्या माणसाला तेथे तासभर निवांत बसता येते का?

दुसरा नकाशा पायांचा काढा. बाहेरचे बूट, कोर्टाचे बूट आणि अनवाणी ओले पाय हे तीन मार्ग तीन रंगांनी रेखाटले, की चुका आपोआप दिसतात. तलावाच्या चेंजिंग रूमला कोरड्या बाजूने एक आणि ओल्या बाजूने एक अशी दोन दारे असावीत, आणि तलावाकडे जाताना शॉवर टाळता येऊ नये.

प्रकाशाबद्दल केवळ ‘भरपूर नैसर्गिक प्रकाश’ असे लिहू नका. शटलकडे वर पाहणाऱ्या खेळाडूचे डोळे छतातल्या काचेमुळे दिपतात. तलावाच्या बाजूच्या मोठ्या काचेतून तिरपा प्रकाश आला तर पाण्याचा पृष्ठभाग चकाकतो आणि जीवरक्षकाला पाण्याखालचा माणूस दिसत नाही. म्हणजे खिडकीची दिशा हा येथे सुरक्षिततेचा विषय होतो.

हवा छायाचित्रात दिसत नाही, म्हणून विद्यार्थी ती विसरतात. बाष्पीभवन आटोक्यात राहावे म्हणून तलावाच्या दालनातील हवा सहसा पाण्यापेक्षा एखाद-दोन अंश अधिक उष्ण ठेवतात, आणि ती दमट, क्लोरीनयुक्त हवा शेजारच्या दालनांत शिरू नये म्हणून तेथील दाब किंचित कमी राखतात. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे 1985 मध्ये तलावावरचे काँक्रीटचे छत कोसळून 12 जण मृत्युमुखी पडले. छत पेलणारे स्टेनलेस स्टीलचे टांगते गज क्लोराइडमुळे आतून तडकत गेले होते. त्यामुळे सेक्शनमध्ये खोटे छत दिसले तर ते कशाला टांगले आहे आणि त्याच्या वर जाऊन तपासणी करता येते का, हे अवश्य नोंदवा.

प्रेक्षकांच्या आसनांसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: सामना नसेल त्या दिवशी त्यांचे काय होते? लंडनच्या जलतरण केंद्रात 2012 च्या ऑलिंपिकसाठी सुमारे 17,500 आसने होती. दोन्ही बाजूंचे तात्पुरते भाग स्पर्धेनंतर काढून टाकल्यावर सुमारे 2,500 उरली.

एवढे झाल्यावर छपराकडे वळा, आणि ते खालच्या हालचालींशी जोडता येत असेल तरच त्यावर विस्ताराने लिहा. जपानी वास्तुविशारद केन्झो तांगे यांच्या टोकियोतील 1964 च्या योयोगी क्रीडागृहात ते जोडता येते. तेथे प्लॅनमधील दोन अर्धचंद्र एकमेकांपासून सरकवलेले आहेत. त्या सरकण्यातून दोन टोकांना जी तोंडे उघडतात तीच गर्दीची प्रवेशद्वारे आहेत, आणि त्या टोकांजवळच्या दोन खांबांमधून ताणलेल्या मुख्य तारांवर छप्पर लोंबते.