आठवीतल्या संस्कृतपासून अकरावीच्या ग्रुपपर्यंत

ताई, तुमचा मुलगा आत्ता सातवीत आहे ना, मग घाई नाही, पण आठवीला शाळा विचारेल की पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत की दोन्ही पन्नास-पन्नास मार्कांचं संयुक्त. सगळे म्हणतात संस्कृत स्कोअरिंग आहे, आहेच, पण पाठांतराचा कंटाळा असलेल्या पोराला कशाला? आमच्या थोरलीला मी जबरदस्तीने पूर्ण संस्कृत घ्यायला लावलं आणि तीन वर्षं रोज संध्याकाळी 'देवः देवौ देवाः' वरून घरात भांडण, धाकट्याला मग गुपचूप संयुक्त दिलं.

खरी गंमत अकरावी सायन्सला. मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवू, म्हणजे इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्ही दारं उघडी, असं सगळ्यांनाच वाटतं, पण जर्नलं, प्रॅक्टिकल, क्लास यात पोरगं पार पिचतं. पोराचं नक्की ठरत नसेल तरच दोन्ही ठेवा. मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेला बायो लागतंच, इंजिनिअरिंगच्या जेईईला मॅथ्स. मॅथ्स नक्की असेल तर बायफोकल बघा, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स दोनशे मार्कांचं, त्यात बायो आणि दुसरी भाषा दोन्ही सुटतात. सीट कमी असतात, कॉलेजात आधीच विचारून ठेवा.

आणि अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष असं कुणी सांगितलं तर ऐकू नका हं, राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेत साधारण वीस टक्के अकरावीचं येतं आणि नीटला तर दोन्ही वर्षांचा सिलॅबस असतो.