पुण्यातलं वैदिक लग्न, लीड्सचं रजिस्टर आणि थोरल्या मुलाचा 'सर'

ताई, तुमचं प्रकरण मला समजलं ते असं. डिसेंबर २०१४ ला पुण्यात कार्यालयात वैदिक पद्धतीनं लग्न, २०१६ ला थोरला झाला, २०१८ ला इंग्लंडात लीड्समध्ये रजिस्टर मॅरेज, मग धाकटा. मागच्या वर्षी सासरे गेले आणि मिस्टर बॅरोनेट (बापाकडून मुलाकडे जाणारा 'सर' हा किताब) झाले, आता घराण्याचे वकील म्हणतात पुढचा 'सर' धाकटाच, थोरला लग्नाआधीचा. आणि सासूबाई म्हणतात प्रतिज्ञापत्रात पुण्याची तारीख लिही, सही कर आणि मोकळी हो.

आधी हे ऐका, नुसती तारीख टाकून कुठल्याही प्रतिज्ञापत्रावर सही करू नका. स्टिचिलच्या प्रिंगल घराण्यात (बॅरोनेटसी १६८३ ची) १९२० ला विधवा आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की हा माझ्या नवऱ्याचा थोरला मुलगा, त्यावर रोलमध्ये, म्हणजे बॅरोनेटांच्या अधिकृत यादीत, नाव लागलं, मुलगा-नातू दोघंही 'सर' म्हणून जगले, आणि २०१६ ला प्रिव्ही कौन्सिलनं (किताबाचा वाद तिच्या न्यायसमितीपुढे गेला होता) डीएनए बघून, थोरला त्या नवऱ्याचा नव्हताच म्हणून, दुसऱ्या मुलाच्या मुलाचा हक्क मान्य केला. इतकी वर्षं झाली म्हणून विषय मिटला, असं किताबाच्या बाबतीत होत नाही.

वकील पूर्ण चुकीचे नाहीत. इंग्लंडमध्ये आईवडिलांनी नंतर लग्न केलं की मूल औरस ठरतं, घर-पैसा सगळ्यात समान हक्क मिळतो, पण किताब कायद्यानं मुद्दाम वगळलाय. हेअरवूडच्या सध्याच्या अर्लचंच (हाही वंशपरंपरेचा किताब) बघा ना, एक मुलगा १९७८ चा, लग्न १९७९ चं, आणि वारस कोण तर १९८० ला झालेला धाकटा. मला स्वतःला हे फार अन्यायाचं वाटतं, आईवडिलांच्या तारखांची शिक्षा पोराला कशाला, पण आज कायदा हाच आहे.

फक्त वकिलांनी पुण्याचं लग्न हिशोबातच धरलेलं नाही आणि तुमची सगळी केस तिथेच आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ दोघंही हिंदू असतील तरच लागतो. मिस्टर ख्रिश्चन, मग सप्तपदी झाली तरी त्या कायद्याखाली लग्न टिकत नाही, स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट लागला असता. पण लग्नाआधी आर्य समाजात मिस्टरांचं शुद्धीकरण, म्हणजे हिंदू धर्मात प्रवेश, झाला होता का? बऱ्याच परदेशी जावयांचं करतात. ते सर्टिफिकेट असेल तर पुण्याचंच लग्न खरं धरायला भक्कम आधार आहे आणि थोरला सरळ वारस.

नसेल तरी दार बंद नाही. इंग्लंडच्या लिजिटिमसी अ‍ॅक्ट (औरसपणाचा कायदा) १९७६ चं कलम १ सांगतं की लग्न रद्दबातल असलं तरी आईवडिलांपैकी एकाला जरी ते खरं आहे असं रास्तपणे वाटत होतं तर मूल औरस, समजूत कायद्याच्या अज्ञानातून झालेली असली तरी चालतं, आणि मुख्य म्हणजे हे एक कलम किताबालाही लागतं. जन्मावेळी वडिलांचं डोमिसाइल (कायद्यानं धरलेलं कायमचं घर) इंग्लंडचं हवं, ते तुमच्याकडे आहे. समोरचे म्हणतील की पुण्याचा तो नुसता समारंभ होता, रद्दबातल लग्नसुद्धा नव्हे, मग कलम १ लागतच नाही, खरी लढाई तिथे होईल.

म्हणून एक विचारतो, तुम्ही यूकेला स्पाउस (बायको) व्हिसावर आलात की फियान्से (लग्न ठरलेली) व्हिसावर? स्पाउस असेल तर तुम्ही दोघांनी तेव्हाच सरकारला लेखी दिलंय की आम्ही नवराबायको आहोत, याहून चांगला पुरावा नाही. फियान्से असेल तर लग्न झालेलं नाही हे तुम्हीच लिहून दिलंय, मग अवघड आहे.

किताबासाठी हिंदू लग्न तिथे पहिल्यांदाच तपासलं जाणार आहे असं नाही. बंगालमधल्या रायपूरचे पहिले लॉर्ड सिन्हा १९२८ ला गेले, आईवडिलांचं लग्न हिंदू पद्धतीचं म्हणून मुलाचा हक्क अडला, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सच्या कमिटीनं तो मान्य केला १९३९ ला. मिळालं, पण अकरा वर्षं गेली.

मिस्टर हयात आहेत तोवर वारस कोण याचा निकाल रोलवर लागत नाही, पण कागद आणि साक्षीदार आत्ताच हाताशी आहेत. लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, गुरुजींचं लेखी, व्हिसाची फाइल आणि थोरल्याचा जन्मदाखला स्कॅन करून पाठवा. ते बघून फॅमिली कोर्टाकडे औरसपणाचं डिक्लरेशन मागायचं की नाही ते ठरवू.