राजाचा चेहरा कुठे गेला?

प्रश्न : नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या चांदीच्या नाण्यांवर नहपान क्षत्रपाचा चेहरा आहे. मग रोमसारख्या बलाढ्य सत्तेच्या जुन्या चांदीच्या नाण्यांवर शिरस्त्राण घातलेली बाई आणि मागे दोन घोडेस्वार, असं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण तेव्हा रोमला राजाच नव्हता. राजांना हाकलून प्रजासत्ताक आणलं, याचा रोमन लोकांना कोण अभिमान! इ.स.पू. 211च्या सुमारास साडेचार ग्रॅमचा चांदीचा देनारियस सुरू झाला. त्यावरची बाई म्हणजे रोमा, शहराची देवता. तिच्या मानेमागची फुली म्हणजे रोमन दहाचा आकडा, कारण एका देनारियसला दहा ‘अस’ (कमी किमतीची कांस्याची नाणी) मिळत. घोडेस्वार म्हणजे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव. लढाईत ते रोमच्या मदतीला धावून आले, अशी श्रद्धा होती.

पुढे टाकसाळीवर नेमलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी नाण्यावर आपापल्या घराण्याची टिमकी वाजवायला सुरुवात केली. त्यांना पुढे निवडणुका लढवायच्या असत ना! मला मात्र इ.स.पू. 113च्या आसपासचं, नर्व्हा नावाच्या अधिकाऱ्याचं नाणं भारी आवडतं. त्यावर चक्क मतदान चाललंय. एक मतदार अरुंद फळीवर उभा राहून खालच्या माणसाकडून मतपाटी घेतोय, दुसरा आपली पाटी पेटीत टाकतोय. नखाएवढ्या जागेत अख्खं मतदान केंद्र!

आता ब्रूटसची गंमत बघा. इ.स.पू. 54मध्ये टाकसाळीवर असताना त्याने एका बाजूला स्वातंत्र्यदेवता घेतली आणि दुसऱ्या बाजूला, शेवटच्या राजाला हाकलणारा आपला पूर्वज. इ.स.पू. 44मध्ये रोमचा हुकूमशहा झालेल्या ज्युलियस सीझरने जिवंतपणी रोमच्या नाण्यावर स्वतःचा चेहरा आणला. त्याच 15 मार्चला त्याचा खून झाला, आणि मारेकऱ्यांत ब्रूटस होता. मग फौजेच्या पगारासाठी ब्रूटसने नाणी पाडली. त्यांतल्या एकावर दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख. उलटून बघावं तर ब्रूटसचाच चेहरा! सीझरवरचा राग नेमका कशाचा होता, असं विचारावंसं वाटतं.

आणि हो, हे खंजिराचं नाणं कुणी स्वस्तात देऊ लागलं तर घेऊ नका. अस्सल फार थोडी आहेत, नकलांना तोटा नाही.